स्क्रू घेण्याआधी खाच ठरवा: सुतारकाम शिकणाऱ्यांसाठी

स्क्रू फळीत निम्मा गेलेला, डोक्यातली खाच गोल झालेली आणि ड्रिलला लावलेले, स्क्रू फिरवणारे बिट जागच्या जागी गरगरतेय. सुतारकामाला नव्याने हात घालणाऱ्याची पहिली मोठी अडचण बहुधा हीच असते. अशा वेळी हाताला किंवा ड्रिलला दोष दिला जातो. प्रत्यक्षात खाच एका जातीची आणि बिट दुसऱ्या जातीचे असते, किंवा जात बरोबर असूनही माप चुकलेले असते. एकाच लांबी-जाडीचा स्क्रू चार-पाच प्रकारच्या खाचांत मिळत असल्यामुळे ही गल्लत फार सहज होते. म्हणून लांबी, जाडी आणि धातू कामागणिक ठरवा, पण खाच मात्र एकदाच, आपल्या सगळ्या कामासाठी ठरवून टाका. मग बिटेही मोजकीच लागतात आणि ती चांगल्या प्रतीची घेता येतात.

खाचा ओळखायला शिका

सरळ खाच सगळ्यात जुनी. बिट मध्यावर धरून ठेवणारे तिच्यात काहीच नसते, त्यामुळे यंत्राने फिरवताना पाते बाजूला सरकते आणि लाकडावर ओरखडा उठतो. पितळी कडी, जुन्या पेटीची बिजागरी अशा दर्शनी कामात ती आजही शोभते, पण स्क्रू हाताने पिळायचा असेल तरच. पाते खाचेइतकेच रुंद हवे आणि खाचेच्या तळापर्यंत टेकले पाहिजे. डोक्याबाहेर डोकावणारे पाते लाकूड कुरतडते, अरुंद पाते खाचेच्या कडा मोडते.

फिलिप्स म्हणजे साधी फुली. हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ती १९३०च्या दशकात मोटार कारखान्यांतून पसरली. तिच्या भिंती उताराच्या असतात, म्हणून पीळ वाढला की बिट वर उसळते. ते दाबून धरायला मागून भरपूर जोर द्यावा लागतो आणि तो थोडा कमी पडला तरी खाच झिजते. पातळ पत्रा किंवा जिप्समच्या फळीत हे चालून जाते. कठीण लाकडात लांब स्क्रू घालायचा असेल तर फिलिप्स टाळावी.

पोझीड्रिव्ह दिसायला फिलिप्ससारखीच, आणि सगळा घोळ इथेच होतो. नीट पाहा: फुलीच्या चार भुजांच्या मधोमध, ४५ अंशांवर, डोक्यावर चार बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्या दिसल्या तर ती पोझीड्रिव्ह. तिच्या भिंती जवळजवळ उभ्या असतात, त्यामुळे बिट उसळत नाही आणि पीळ चांगला घेते. पण त्यासाठी बिट पोझीड्रिव्हचेच हवे. त्या बिटाच्या चार पंखांमध्येही छोट्या कंगोऱ्या दिसतात. फिलिप्सचे बिट पोझीड्रिव्ह स्क्रूत जाते खरे, पण सैल बसते आणि पहिल्या जोराच्या पिळालाच कडा खाते. उलट बाजूने पोझीड्रिव्हचे बिट फिलिप्सच्या खाचेत तळापर्यंत पोचतच नाही. बिटावर पीएच किंवा पीझेड असे कोरलेले असते, ते वाचूनच बिट उचलण्याची सवय लावा.

चौकोनी खाच कॅनडाच्या पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ मध्ये काढली. ती आत जाताना किंचित निमुळती होत असल्यामुळे बिटावर खोचलेला स्क्रू चुंबकाशिवायही धरून राहतो. एका हाताने फळी धरून दुसऱ्याने स्क्रू लावायचा असतो तेव्हा याचे मोल कळते. मापांना रंग ठरलेले आहेत: शून्य पिवळा, एक हिरवा, दोन लाल, तीन काळा. फर्निचरच्या नेहमीच्या स्क्रूला बहुधा लाल लागतो.

टॉर्क्स म्हणजे सहा पाकळ्यांची चांदणी. ती १९६७ची, आणि आता आयएसओ १०६६४ या मानकाखाली अनेक उत्पादक बनवतात. भिंती उभ्या, सहा ठिकाणी पकड, त्यामुळे मागून फारसे दाबावे लागत नाही. विकत घेताना एक काळजी घ्या. बोलताना फिलिप्सच्या फुलीलाही ‘स्टार’ म्हणतात, म्हणून नुसते ‘स्टार स्क्रू’ मागू नका. टॉर्क्स हे नाव आणि टी२०सारखा आकडा, दोन्ही सांगा. खाचेच्या मधोमध बारीक खुंटी उभी असेल तर तो छेडछाड टाळण्यासाठीचा प्रकार आहे. त्याला मध्ये भोक असलेले बिट लागते. सुतारकामात तो घेण्याचे कारण नाही.

षटकोनी खाच, म्हणजे ॲलन की लागते ती, जोडणीच्या बोल्टमध्ये आणि पार्टिकल बोर्डच्या जाड कन्फर्मॅट स्क्रूत दिसते. याशिवाय फुली आणि चौकोन एकत्र असलेली मिश्र खाचही मिळते. तिच्यात दोन्ही बिटे चालतात, पण दोन्हींची पकड थोडी थोडी कमीच असते.

मग घ्यायची कोणती? नव्याने सुरुवात करत असाल आणि तुमच्याकडे सहज मिळत असेल तर टॉर्क्स घ्या. चौकोनी खाच सहज मिळत असेल तर तीही तितकीच भरवशाची. दोन्ही मिळत नसतील तर पोझीड्रिव्ह. मुख्य खाच कोणतीही ठरवली तरी पीझेड २चे एक चांगले बिट जवळ असू द्या, कारण कपाटाच्या वाटी-बिजागऱ्यांवरचे दार जुळवण्याचे स्क्रू बहुधा पोझीड्रिव्हचेच असतात. तिथे फिलिप्सचे बिट वापरले की तो छोटा मऊ स्क्रू लगेच खराब होतो आणि पूर्ण बिजागरी बदलावी लागते.

माप जुळवताना मोठ्याकडून छोट्याकडे या

टॉर्क्समध्ये सर्वसाधारण जुळणी अशी: ३ मिमी जाडीच्या स्क्रूला टी१०, ३.५ला टी१५, ४ आणि ४.५ला टी२०, ५ला टी२५, ६ला टी३०, ८ला टी४०. उत्पादकागणिक यात एखाद्या मापाचा फरक पडतो. काहींच्या ५ मिमी स्क्रूलाही टी२०च लागते, म्हणून डब्यावरचा आकडा वाचाच. पोझीड्रिव्हमध्ये ३ मिमीपर्यंत एक नंबर, ३.५ ते ५ मिमीला दोन, ६ मिमीला तीन.

माप माहीत नसेल तर आधी मोठे बिट लावून पाहा. ते आत जात नसेल तर त्याहून लहान, मग आणखी लहान. जे पहिले बिट तळापर्यंत जाऊन घट्ट बसेल तेच योग्य. लहानापासून सुरुवात केली तर फसगत ठरलेली: टी२५च्या खाचेत टी२० आरामात जाते, फिरतेही, आणि स्क्रू अर्ध्यावर आल्यावर पाकळ्यांची टोके सोलते. बिट बसल्यावर हलकेच डावी-उजवीकडे हलवून पाहा. डोके बिटासोबत लगेच हलले पाहिजे. मध्ये रिकामी हालचाल जाणवली तर माप चुकले आहे किंवा बिट झिजले आहे.

स्क्रूचे बाकीचे माप

मेट्रिक डब्यावर ४ × ४० असे लिहिलेले असते: ४ मिमी ही आट्यांसकट बाहेरची जाडी, ४० मिमी लांबी. चपट्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, कारण तो पूर्ण लाकडात उतरतो. गोल किंवा पॅन डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात. इंच पद्धतीत जाडीऐवजी नंबर असतो. त्या नंबराला ०.३३ने गुणा आणि १.५ मिळवा, आले मिलिमीटर. ६ नंबर म्हणजे सुमारे ३.५ मिमी, ८ नंबर ४.२, १० नंबर ४.८.

लांबीसाठी ठोकताळा असा की वरच्या फळीच्या जाडीच्या निदान दीडपट, जमल्यास दुप्पट भाग खालच्या लाकडात गेला पाहिजे. १८ मिमी प्लायची फळी दुसऱ्या फळीच्या कडेत बसवायची असेल तर ४ × ५० घ्या: १८ मिमी वरच्या फळीत, ३२ मिमी कडेत. १८वर १८ मिमी फळी पालथी चिकटवून आवळायची असेल तर मात्र हा ठोकताळा सोडा आणि ३० मिमीच्या वर जाऊ नका, नाहीतर टोक पलीकडे डोकावेल. लाकडाच्या रेषांच्या टोकाकडून, म्हणजे फळीच्या आडव्या कापातून स्क्रू जात असेल तर लांबी आणखी वाढवा. तिथे आटे रेषा कापत आत जातात आणि पकड कमी मिळते.

आटे पूर्ण लांबीभर आहेत की डोक्याखालचा भाग गुळगुळीत आहे, हेही पाहा. दोन फळ्या एकमेकींना आवळायच्या असतील तर गुळगुळीत गळ्याचा, म्हणजे अर्ध्या आट्यांचा स्क्रू घ्या. वरची फळी गळ्यावर मोकळी सरकते आणि डोके तिला खाली ओढते. पूर्ण आट्यांचा स्क्रू दोन्ही फळ्यांत एकाच वेळी आटे पाडतो. त्या वेळी मध्ये अर्धा मिलिमीटर फट असेल तर कितीही पिळा, ती तशीच राहते. पूर्ण आट्यांचेच स्क्रू हाताशी असतील तर वरच्या फळीत ४ मिमी स्क्रूसाठी ४.५ मिमीचे आरपार भोक पाडा. बिजागरी, कोन, ड्रॉवरची पट्टी असे धातूचे भाग बसवायला मात्र पूर्ण आट्यांचा आखूड स्क्रूच योग्य.

काळे ड्रायवॉल स्क्रू लाकडाला वापरू नका, एवढे ठामपणे सांगावेसे वाटते. ते कडक केलेले असल्याने ठिसूळ असतात, वाकत नाहीत, तुटतात. लाकूड ऋतूमानाप्रमाणे फुगते-आक्रसते तेव्हा जोडातला असा स्क्रू न सांगता मान टाकतो. शिवाय त्यांचा काळा मुलामा ओलाव्यात टिकत नाही. जिग किंवा साचा तात्पुरता अडकवायचा असेल तर ठीक.

धातू कुठे कोणता

घरातल्या कोरड्या फर्निचरला जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी स्क्रू पुरतो. उघड्यावरच्या कामाला ए२ स्टेनलेस, म्हणजे ३०४. समुद्राजवळ ए४, म्हणजे ३१६. ओकसारख्या टॅनिन जास्त असलेल्या लाकडात साधे लोखंड ओलाव्याशी गाठ पडताच भोवती निळसर-काळा डाग सोडते आणि तो रंधून जाण्याइतका वरवरचा नसतो. तिथे स्टेनलेस किंवा पितळच घ्या. तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले लाकूड जस्ताचा पातळ मुलामा खाऊन टाकते. त्यालाही स्टेनलेस किंवा गरम जस्तात बुडवलेला जाड मुलाम्याचा स्क्रू लागतो.

स्टेनलेस कडक केलेल्या पोलादापेक्षा मऊ आणि पितळ त्याहून मऊ. ही गोष्ट विसरली की डोकी तुटतात. पितळी स्क्रूसाठी रीत ठरलेली आहे: योग्य भोक पाडा, त्याच मापाचा पोलादी स्क्रू आत घालून आटे पाडून घ्या, तो बाहेर काढा आणि मग पितळी स्क्रू मेण लावून हाताने बसवा. मेणाऐवजी साबण लावू नका, तो ओलावा धरून ठेवतो.

घेताना काय तपासावे

मोठा डबा घेण्याआधी त्याच मालाचे पाच-सहा स्क्रू घेऊन पाहा. खाच डोक्याच्या बरोबर मध्यावर आहे का? मुलामा इतका जाड तर नाही ना की खाचेचे कोपरे बुजलेत? बिट तळापर्यंत जाते का? स्क्रू काचेवर किंवा सपाट फरशीवर लोळवा, वाकडा असेल तर टोक डुगडुगताना दिसेल. स्टेनलेस म्हणून घेतलेल्या स्क्रूजवळ चुंबक न्या. अगदी किंचित ओढ चालेल, कारण थंड घडवणीत ए२ला थोडे चुंबकत्व येते. पण साध्या खिळ्यासारखा खटकन चिकटला तर ते ए२ नाही. शेवटची चाचणी टाकाऊ तुकड्यावर: दोन स्क्रू नेहमीच्या भोकात पूर्ण घाला, काढा, पुन्हा घाला. त्यानंतरही खाच तीक्ष्ण राहिली तर माल घेण्याजोगा.

नुसत्या चित्रावरून मागवत असाल तर खाचेचा जवळून काढलेला फोटो, बिटाचा आकडा, आट्यांची लांबी आणि धातूची प्रत, यांपैकी एकही दिलेले नसेल तर तो माल सोडून द्या. वेगवेगळ्या मापांचे मिश्र डबे स्वस्त वाटतात, पण त्यात हवे ते माप नेहमी अपुरे पडते आणि खाचा बहुधा फिलिप्सच्या असतात. त्याऐवजी ३.५ × १६, ४ × ३०, ४ × ४० आणि ४ × ५० अशा चार मापांचे शंभर-शंभरचे डबे, एकाच उत्पादकाचे, एकाच खाचेचे घ्या. ५ × ६० किंवा ५ × ७० पलंग, टेबलाचे पाय अशा जड कामाला लागेल तेव्हा. ठरावीक कामासाठी घेताना मोजलेल्या संख्येवर दहा-पंधरा टक्के जास्त घ्या. मध्येच संपले आणि दुसऱ्या उत्पादकाचे आणले तर डोक्याचा व्यास आणि खाचेची खोली थोडी वेगळी निघते.

पैसे वाचवायचे असतील तर बिटात वाचवू नका. टी१५, टी२०, टी२५ आणि पीझेड २ ही चार बिटे चांगल्या पोलादाची, प्रत्येकी दोन घ्या: एक २५ मिमी आखूड, एक ५० मिमी लांब. बिटाच्या कडा चकाकू लागल्या, टोके गोलसर दिसली की ते फेकून द्या. झिजलेले बिट पुढचा प्रत्येक स्क्रू बिघडवते.

भोक, मग स्क्रू

१. जागा आखा. फळीच्या टोकापासून स्क्रूच्या जाडीच्या निदान पाचपट आत या, म्हणजे ४ मिमी स्क्रूला २० मिमी. प्लायच्या कडेत अगदी मध्यावर, १८ मिमीला ९वर. टोकदार आरीने टोचून छोटा खड्डा करा म्हणजे ड्रिलचे बिट सरकणार नाही.

२. मार्गदर्शक भोकाचे, म्हणजे स्क्रूआधी पाडायच्या भोकाचे माप स्क्रूच्या गाभ्यावरून, आटे सोडून मधल्या दांड्यावरून ठरते. ड्रिलचे बिट स्क्रूसमोर धरून डोळ्यासमोर आणा: गाभा बिटामागे झाकला गेला पाहिजे आणि आटे दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजेत. ३.५ मिमी स्क्रूला मऊ लाकडात २, कठीण लाकडात २.५ मिमी. ४ला २.५ आणि ३. ५ला ३ आणि ३.५. खोली स्क्रूच्या टोकापेक्षा थोडी कमी. त्या मापावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळा.

३. गुळगुळीत गळ्याचा स्क्रू नसेल तर वरच्या फळीतले भोक मोकळे करून घ्या.

४. चपट्या डोक्यासाठी काउंटरसिंक करा, म्हणजे डोके मावेल असा उतरता खड्डा कोरा. मेट्रिक स्क्रूचे डोके ९० अंशांचे, इंच मापाचे ८२ अंशांचे असते. कोन जुळला नाही तर डोके फक्त एका कड्यावर टेकते आणि व्हिनियर, म्हणजे वरचा पातळ लाकडी थर, तिथून फुटते. थोडे थोडे कोरून त्याच स्क्रूने खोली तपासत जा.

५. फळ्या क्लॅम्पने आवळा. स्क्रूने ओढून फट बंद करण्यावर विसंबू नका.

६. ड्रिलचा क्लच (ठरलेल्या पिळाला फिरणे सोडणारी कडी) खालच्या आकड्यावर, वेग मंद. बिट, स्क्रू आणि मनगट एका रेषेत धरा. तिरपे बिट खाचेची एकच बाजू खाते. क्लच लवकर सुटत असेल तर एकेक आकडा वाढवा. डोके टेकत आले की थांबा आणि शेवटचा पाव फेरा हाताने द्या. ३.५ मिमीचे बिजागरीचे स्क्रू आणि पितळ यांना इम्पॅक्ट ड्रायव्हर लावू नका, त्याच्या ठोक्यांत डोके कधी तुटले हे कळतही नाही.

कन्फर्मॅट स्क्रूचे भोक वेगळे असते: नेहमीच्या ७ × ५० मापाला आट्यांसाठी ५ मिमी आणि गळ्यासाठी ७ मिमी. पायरीचे एकच बिट मिळते, ते घ्या.

बिघडल्यावर

स्क्रू अर्ध्यावर अडला तर जोर वाढवू नका. बाहेर काढा, भोक अर्ध्या मिलिमीटरने मोठे करा, आट्यांना मेण लावा. स्क्रू तापून हाताला चटका देत असेल तर भोक नक्की लहान आहे. कठीण लाकडात तो त्यानंतर लगेच तुटतो.

स्क्रू आत जाऊन नुसताच फिरत राहिला, म्हणजे लाकडातले आटे गेले. प्लाय किंवा पार्टिकल बोर्डमध्ये हे जादा पिळाने होते. काड्या आणि सरस भरून ते भागत नाही. भोक ८ मिमी करा, लाकडी खुंटी सरसाने बसवा, सरस पूर्ण वाळू द्या आणि नव्याने भोक पाडा.

खाच खाल्ली गेली असेल तर आधी तिच्यातला भुसा, रंग, सरस टोकदार आरीने उकरून काढा. कित्येकदा बिट तळाला टेकत नव्हते एवढेच कारण निघते. मग नवे कोरे बिट लावून, मागून पूर्ण वजन देऊन, हळू उलटे फिरवा. जमले नाही तर बिट आणि खाच यांच्यामध्ये रुंद रबरबँडचा तुकडा धरून पाहा. तरीही नाही तर खराब झालेल्या फुलीत जरा मोठे टॉर्क्स बिट हातोडीने हलके ठोकून बसवा, त्याचे दात कडांत रुततात. डोके फळीच्या वर असेल तर लॉकिंग पक्कडीने धरून फिरवा, किंवा लोखंड कापायच्या करवतीने डोक्यावर सरळ खाच पाडा. सरसात किंवा गंजात अडकलेल्या स्क्रूच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा, पकड सैल होते.

डोकेच तुटले तर उरलेल्या दांड्याभोवती पोकळ प्लग कटरने गोल खाच पाडा, दांडा पक्कडीने उपटा, भोकात त्याच मापाची खुंटी सरसाने बसवा. खुंटीच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवून घ्या आणि नवा स्क्रू शक्यतो खुंटीच्या मध्यातूनच घाला, कडेला घातलेला स्क्रू खुंटी आणि फळी यांच्या सांध्यात घुसतो.